सांगली-साताऱ्याहून नेत्राणी: स्कूबा डायव्हिंगची सहल कशी आखावी

कर्नाटकातल्या मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर आत, अरबी समुद्रात नेत्राणी नावाचं छोटं बेट आहे. वरून पाहिलं तर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. चहूबाजूंनी उभे कातळ, वर झाडी, रानशेळ्या, पारवे, समुद्री गरुड. माणसांची वस्ती नाही. बेटावर उतरायचंही नसतं. बोट बेटाच्या आडोशाला नांगर टाकते, तिथूनच पाण्यात शिरायचं आणि परत बोटीवरच यायचं. किनाऱ्यापासून लांब असल्यामुळे नद्यांचा गाळ इथवर फारसा पोचत नाही, म्हणून पाणी किनाऱ्याजवळच्या डायव्हिंगच्या जागांपेक्षा बरंच स्वच्छ असतं. चांगल्या दिवशी १०-१५ मीटरवरचं सहज दिसतं.

सांगलीहून हे अंतर रस्त्याने पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, साताऱ्याहून साडेपाचशेच्या आसपास. म्हणून बहुतेक जण बेत आखतात तो असा: शुक्रवारी निघायचं, शनिवारी डायव्ह, दुपारी जेवून लगेच परतीचा रस्ता, रविवारी घरी आराम. या बेतातला शेवटचा भाग धोक्याचा आहे. आपण घाटावरची माणसं. समुद्राखालून वर आल्यावर घरी जायचं म्हणजे सह्याद्री चढायचा, आणि तो त्याच दिवशी चढायचा नसतो. सहलीचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीभोवती बांधायला हवं, म्हणून आधी तेच समजून घेऊ.

डायव्हनंतर घाट का चढायचा नाही

समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. १० मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. सिलिंडरमधली हवा आपण त्या दाबाने श्वासात घेतो आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्तीचा विरघळतो. वर आल्यावर तो फुफ्फुसांवाटे सावकाश बाहेर पडतो, पण त्याला तास लागतात. तो पुरता निघण्याआधी आपण उंचावर, म्हणजे कमी दाबात गेलो, तर उरलेल्या नायट्रोजनचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, क्वचित पायातली ताकद जाणं हे त्याचे परिणाम. याला डीकॉम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

विमानाबद्दलचा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे 'डॅन' या संस्थेची शिफारस अशी: एकच साधी डायव्ह केली असेल तर किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबावं. पण ही शिफारस ६०० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहे, आणि अंगाला ती उंची विमानाने गाठली की मोटारीने, यानं फरक पडत नाही. मुरुडेश्वर समुद्रसपाटीला. अंकोल्याहून अरबैल घाट चढला की दोन-तीन तासांत तुम्ही पाचशे मीटरच्या वर. पुढे धारवाड-बेळगावचा पट्टा साडेसातशे मीटरच्या आसपास. सांगली साधारण ५५० मीटरवर असली, तरी तिथे पोचायला हा उंच पट्टा ओलांडावाच लागतो. सातारकरांचं तर घरच सातशेच्या वर.

गोव्यातून चोर्ला घाटाने किंवा आंबोलीने आलात तरी सुटका नाही. जोगच्या धबधब्याचा मोहही असाच. दुपार मोकळी आहे, जोग जवळ आहे, चला जाऊन येऊ, असं गटात कुणीतरी म्हणतंच. जोगला जायचं तर गेरसोप्पा घाट चढावा लागतो. जोग बघायचाच असेल तर डायव्हच्या आदल्या दिवशी बघा.

हिशेब सरळ आहे. शनिवारी दोन डायव्ह करून दुपारी साडेबाराला पाण्याबाहेर आलात, तर १८ तास रविवारी सकाळी साडेसहाला भरतात. सात वाजता निघालात की घाट लागेपर्यंत आणखी दोन तास. रविवारी संध्याकाळी सांगली. शनिवार-रविवार दोन्ही दिवस डायव्ह करायच्या असतील तर सोमवारची रजा टाका.

शनिवारची दुपार किनारपट्टीवरच घालवा. इडगुंजीचा गणपती होन्नावरच्या बाजूला, सपाटीवर आहे. गोकर्णही समुद्रकाठी. मुरुडेश्वरच्या राजगोपुरात लिफ्टने वर जायलाही हरकत नाही, ते २३७ फुटांचं म्हणजे जेमतेम ७२ मीटर.

कधी जायचं

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि मे महिन्यात आटोपतं. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र सर्वांत शांत आणि पाणी स्वच्छ. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी असते, आणि पाऊस लांबलेला असेल तर पाणी गढूळही मिळतं. तासगाव-कवठेमहांकाळकडचे बागायतदार खरड छाटणी उरकून मोकळे होतात तेव्हा मे उजाडलेला असतो. तेव्हा जायचंच असेल तर पहिल्या आठवड्यात जा आणि बोट रद्द होण्याची तयारी ठेवा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती-ओहोटीची ओढ जास्त असते. पहिलीच डायव्ह असेल तर ते दोन-तीन दिवस टाळलेले बरे.

निघण्याआधीचा महिना

ट्राय डायव्ह म्हणजे इन्स्ट्रक्टरने धरून नेलेली एक डायव्ह. वय किमान १० वर्षं, खोली जास्तीत जास्त १२ मीटर, पोहता आलंच पाहिजे असं नाही. ओपन वॉटर कोर्स मात्र खरं शिक्षण: थिअरी, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डायव्ह. मग १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाण्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं नुसतं तरंगणं जमायला हवं, वेळेची अट नाही. थिअरी घरबसल्या ऑनलाइन होते. तलावातला भाग पुण्यात उरकून फक्त चार डायव्ह मुरुडेश्वरला करण्याची सोयही काही केंद्रं देतात. दोन दिवसांची रजा वाचते. ज्याला समुद्र खरोखर आवडणार आहे त्याने ट्राय डायव्हवर पैसे खर्चण्याऐवजी थेट कोर्स करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ट्राय डायव्हमध्ये अर्धं लक्ष भीतीत जातं आणि उरलेलं फोटोत.

पोहण्याचं म्हणाल तर आपल्याकडे बहुतेक जण विहिरीत शिकलेले. पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून ढकलून दिलेले. पुढे सूर, मुटका, आणि पैज म्हणून तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखवणं. अशा माणसाला खोल पाण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. पण त्याच्या अंगात एक सवय मुरलेली असते: पाण्याखाली गेलं की दम कोंडायचा. स्कूबामध्ये हीच सवय सर्वांत घातक.

विहिरीत तुम्ही वरची हवा छातीत भरून खाली जाता. ती दाबाने आकसते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होते. स्कूबात तुम्ही खाली असताना, दाबाखालची हवा छातीत भरता. १० मीटरवर पूर्ण श्वास भरून, दम कोंडून वर आलात तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुस फाटू शकतं, आणि त्याला १० मीटरही लागत नाहीत. शेवटचे एक-दीड मीटर पुरतात. म्हणून पहिला नियम एकच: श्वास कधीही थांबवायचा नाही. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारं तोंडातलं साधन, काढावा लागलाच, तर ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

ही सवय मोडायला महिनाभर आधी सुरुवात करा. स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) घ्या, नाक न झाकता चेहरा पाण्यात ठेवा आणि तोंडाने पाच मिनिटं सलग श्वास घ्या. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. नाकाशी पाणी असताना तोंडाने शांत श्वास घेणं एकदा जमलं की निम्मी घबराट तिथेच संपते. घरी पाण्याने भरलेल्या बादलीवरही हे जमतं. मात्र सोबत कुणीतरी हवं. सराव तरणतलावात करा, कृष्णेत नको. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

वैद्यकीय प्रश्नावली केंद्राकडून आधीच मागवून घ्या. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, इन्सुलिन, गरोदरपण, न आटोक्यात आलेला रक्तदाब यांतल्या एकालाही 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागते. मुरुडेश्वरला बोटीवर चढताना हे कळलं तर पैसे आणि रजा दोन्ही वाया. मिरजेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची कमतरता नाही. कानाचा पडदा आणि सायनस एकदा दाखवून घ्या. लपवून 'नाही' लिहू नका.

चष्मा असेल तर नंबर आधी कळवा. बऱ्याच केंद्रांकडे नंबरचे मास्क असतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात.

आणि मिशा. मास्कची सिलिकॉनची कड नाकाखालच्या कातडीला चिकटली पाहिजे. भरघोस मिशीत ती चिकटत नाही, केसांतून पाणी झिरपत राहतं, दर मिनिटाला मास्क रिकामा करावा लागतो. मिशी काढायची गरज नाही. नाकपुड्यांच्या लगेच खाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी वस्तऱ्याने मोकळी करा, बाकीची मिशी तशीच राहू द्या. दाढीचा प्रश्न येत नाही, कड तिथवर जात नाही.

केंद्र निवडताना फोनवर चार गोष्टी विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती नवशिके? दोनपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे बघा. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? समुद्र खवळून बोट रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख? आणि सांगितलेल्या रकमेत बोट, साहित्य, जेवण, फोटो यांतलं काय काय धरलंय? ऑक्सिजनच्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं तर बाकीचे प्रश्न विचारायची गरज नाही.

रस्ता

कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड-हुबळी, यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला आणि तिथून किनाऱ्याच्या ६६ क्रमांकाच्या महामार्गाने कुमटा, होन्नावर, मुरुडेश्वर. गाडी चालवण्याचे नऊ-दहा तास धरा, साताऱ्याहून आणखी दीड-दोन. रात्रीचा प्रवास टाळा. डायव्हिंगचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम एकच. उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात अचानक पुढ्यात येतात. पहाटे पाचला निघून अंधार पडायच्या आत मुरुडेश्वर गाठणं उत्तम. झोपही पुरते, आणि डायव्हच्या आदल्या रात्रीची झोप महत्त्वाची आहे.

रेल्वेने जायचं तर गोवा एक्स्प्रेस सातारा, सांगली, मिरज घेत पहाटे मडगावला सोडते. तिथून कोकण रेल्वेची मुरुडेश्वरला थांबणारी गाडी पकडायची. वेळा बदलतात, तिकीट काढतानाच जोडगाडी तपासा. परतीला ही गाडीही कॅसलरॉकचा घाट चढते, तेव्हा १८ तासांचा हिशेब इथेही तोच.

डायव्हचा दिवस

बोटीला बेटापर्यंत तास-दीड तास लागतो. जास्त लोकांची सहल पाण्याखाली नाही, बोटीवरच बिघडते. उलटीची गोळी लाटा सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, ती निघण्याच्या तासभर आधी पोटात हवी. काही गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून कोणती घ्यायची हे गावातच डॉक्टरांना विचारा आणि सुट्टीआधी एकदा घेऊन बघा. उपाशी जाऊ नका. दोन इडल्या, केळं, पाणी पुरे. मिसळ, वडा, पुरी संध्याकाळसाठी ठेवा. बोटीत मागच्या बाजूला, मध्यावर बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल पिशवीत. बोट नांगरल्यावर डोलणं वाढतं. तेव्हा पाण्यात उतरण्याचा पहिला नंबर लावा, पाण्यात मळमळ थांबते.

साहित्य अंगावर चढवताना स्वतः बघायच्या गोष्टी थोड्याच. प्रेशर गेज, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा, साधारण २०० बार (दाबाचं माप) दाखवतो का. रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना काटा थरथरतो का. थरथरला तर सिलिंडरची तोटी पुरती उघडलेली नाही. हवेला तेलाचा वास येतो का. आला तर ते सिलिंडर नको. मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. काचेला आतून थुंकी चोळून खंगाळून घ्या, धुकं धरत नाही. शिसाची वजनं बरोबर आहेत का हे पाण्यात कळतं: तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट रिकामं करून, पृष्ठभागावरच साधा श्वास धरला की पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं, आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला व्हावं. शांत राहण्यासाठी जास्त वजन मागून घेऊ नका; जड माणूस सारखा हातपाय मारतो आणि हवा लवकर संपवतो.

खुणा पाठ करा. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. छानसाठी अंगठा आणि तर्जनीची गोल खूण. हे उलटं झालं की इन्स्ट्रक्टर तुम्हाला वर घेऊन जातो आणि डायव्ह तिथेच संपते.

आता कान. पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, म्हणून कान दुखतात ते खोलवर नाही, अगदी वरवर. नाक चिमटीत धरा, तोंड बंद ठेवा आणि हलकेच नाकात फुंकर घाला. कानात बारीक टक् होतं. हे पाण्यावर असतानाच एकदा करा आणि मग दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायला लागण्याआधी. दुखल्यावर केलं तर कानातून घशाकडे जाणारी नळी आधीच दाबाने मिटलेली असते आणि जोर लावला तर पडद्याला इजा होते. अडलं तर एक मीटर वर या, मान थोडी मागे, गिळल्यासारखं करा, पुन्हा प्रयत्न. दोर धरून पाय खाली ठेवून उतरलं तर कान लवकर सुटतात. तीनदा करूनही सुटले नाहीत तर त्या दिवशीची डायव्ह सोडा. सर्दी असेल तर उतरूच नका. नाक मोकळं करणाऱ्या औषधावर उतरलात आणि खाली असताना त्याचा असर संपला, तर वर येताना हवा आत कोंडते आणि दुखणं दुप्पट होतं.

मास्कमध्ये पाणी आलं तर वर बघा, मास्कची वरची कड कपाळावर दाबा आणि नाकाने एक लांब श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. उलटी आलीच तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून त्यातून होऊ द्या, मग त्यावरचं बटण दाबून साफ करा. ऐकायला कसंतरी वाटतं, पण रेग्युलेटर काढला की पुढचा श्वास पाण्याचा.

खाली पोपटमासे, फुलपाखरू मासे, ट्रिगरफिश, ग्रुपर, कातळाच्या फटीतून तोंड काढणारी मोरे ईल, बाराकुडाचे थवे. नशीब असेल तर कासव आणि ब्लॅकटिप रीफ शार्क. तो माणसापासून लांबच राहतो. हात कशालाच लावू नका. स्टोनफिश हुबेहूब दगडासारखा पडून असतो आणि त्याच्या पाठीचे काटे विषारी. प्रवाळ जिवंत असतात, त्यांना पायातला फिन नुसता लागला तरी वर्षानुवर्षांची वाढ मोडते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, तुकडा खिशात घालणं गुन्हा. नौदल पूर्वी या बेटावर नेमबाजीचा सराव करत असे, तेव्हा तळाशी धातूची कसलीही वस्तू दिसली तर लांबूनच पुढे जा.

नवशिक्याचं सिलिंडर १० मीटरवर अर्ध्या-पाऊण तासात संपत येतं. १०० बार झाले की इन्स्ट्रक्टरला सांगा; बोटीवर पोचताना ५० बार शिल्लक हवेत. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग नको. आपल्याच लहान बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही हा सोपा अंदाज. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा.

त्यानंतरचा दिवस

भरपूर पाणी प्या. त्या रात्री दारू नको, फार कढत पाण्याने अंघोळ नको, जड व्यायाम नको. थोडा थकवा आणि कानात जडपणा चालतो, एक-दोन दिवसांत जातो.

खांदा, कोपर किंवा गुडघा कारण नसताना दुखू लागला, अंगाला खाज सुटून चट्टे उठले, मुंग्या आल्या, चक्कर आली, लघवी अडली किंवा पाय लटपटू लागले, तर ती प्रवासाची दगदग समजून झोपून जाऊ नका. ही लक्षणं बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात. माणसाला आडवं झोपवा, १०० टक्के ऑक्सिजन सुरू करा, डायव्ह केंद्राला आणि ११२ ला फोन लावा. 'पुन्हा खाली नेलं की बरं वाटतं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, उपचार रीकॉम्प्रेशन चेंबरमध्येच, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीतच, होतात. मुरुडेश्वरला असाल तर घाट चढू नका. घरी पोचल्यावर त्रास सुरू झाला, तर आपल्या भागातल्या डॉक्टरांना असा रुग्ण क्वचितच भेटतो, म्हणून दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य 'मी स्कूबा डायव्हिंग करून आलोय' हेच असू द्या. प्रत्येक डायव्हची जास्तीत जास्त खोली, पाण्याखालची मिनिटं, शेवटची डायव्ह संपल्याची वेळ, घाट चढायला लागल्याची वेळ आणि केंद्राचा फोन नंबर एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. बोटीवरून उतरतानाच, इन्स्ट्रक्टर समोर असताना लिहून घ्या.